गाडीला पेट्रोलचा वास अन् घरात कापूस

एप्रिलपासून माझ्या मोटारसायकलला पेट्रोलचा वास येत होता आणि मी महिनाभर कानाडोळा केला, कारण चालवताना काही जाणवायचंच नाही, हवेनं उडून जायचं सगळं. पण आमच्याकडे गाडी रात्री समोरच्या खोलीत उभी राहते, आणि त्याच खोलीत यंदाचा कापूस पडला आहे, भाव वाढतील म्हणून थांबवलेला, छताला टेकायला हातभर कमी एवढा ढीग. मेच्या पहिल्या आठवड्यात माय सकाळी पाचला उठली न् मला हलवून म्हणते, "बाबू, तुही गाडी बाहेर काढ आंधी. घरात कापूस हाये, मी देवापाशी दिवा लावू का नोको?"

बरोबर होतं तिचं. पेट्रोल उणे ४० डिग्रीच्या आसपाससुद्धा पेटण्याइतकी वाफ सोडतं, आणि ती वाफ हवेपेक्षा जड, म्हणजे वर उडून जात नाही, जमिनीवरून सरकत कोपऱ्यात जाऊन बसते. गाडी त्याच मिनिटाला अंगणात निंबाखाली गेली.

गाडी २०२१ ची, टूरिंगची, इंजेक्शनवाली, १५ लिटरची टाकी, दोन्ही बाजूला पेट्या लावलेल्या. पहिला संशय माझ्यावरच. लांब जायचं म्हटलं की मी पंपावर पोराला "गळ्यापर्यंत भर" म्हणायचो. पेट्रोल जमिनीखालच्या टाकीतून तुलनेनं थंड येतं आणि इथे आपल्याकडे दुपारी ४५, हिशोब केला तर १५ लिटरमागे जवळजवळ पाव लिटर फुगतं ते, आणि वर जागाच नसली तर ब्रीदरच्या, म्हणजे टाकीतली वाफ बाहेर नेणाऱ्या पाईपातून निघून कोळशाच्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, शिरतं. तो डबा फक्त वाफ शोषायला असतो, पातळ पेट्रोल प्यायला नाही. तर मी अर्धी टाकी ठेवून पाहिली. वास कमी झाला पण गेला नाही. कॅनिस्टर काढून कानाजवळ हलवला, कोरडा ठणठणीत.

मग तालुक्याला सल्ले सुरू झाले. एक म्हणे झाकणाचं रबर, ते बदललं, चारशे रुपये गेले, वास तिथेच. दुसरा म्हणे कार्बोरेटर ओव्हरफ्लो होते भाऊ, अरे राजेहो त्या इंजेक्शनवाल्या गाडीला कार्बोरेटरच नाही! चहाच्या टपरीवर तर एकमत होतं की इथेनॉलनं पाईप खाल्ले. माझी गाडी ई२० च्या, म्हणजे वीस टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलच्या आधीची आहे हे खरं, रबराची काळजी मलाही आहे, पण पाईप वाकवून वाकवून पाहिले, कुठे भेग नाही, नरमपणा नाही. आता गाडीत काहीही झालं की इथेनॉल म्हणायची फॅशनच झाली आहे, मग कोणी पुढे शोधत नाही.

शेवटी एका रात्री खाटेवर पडून नीट विचार केला तेव्हा लक्षात आलं की वास रात्रभर उभ्या गाडीला येतो, चावी बंद असताना. चावी फिरवली की पंप दोन-तीन सेकंद घुंई करून लाईनमध्ये प्रेशर भरतो, इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरकडे गळती असती तर तेव्हा जास्त दिसायला पाहिजे होती, आणि तिथे तर मी बोट फिरवून फिरवून थकलो, कोरडं. म्हणजे प्रेशरचा संबंध नाही, टाकीतून नुसतं वजनानं झिरपतंय, आणि उन्हाळा असा की थेंब खाली पडायच्या आधीच उडून जातो, म्हणून फरशीवर डाग नाही. नाकावर तर भरवसाच नाही, पाच मिनिटं हुंगलं की नाक मरतं, मग सगळीकडेच वास येतो नाहीतर कुठेच येत नाही.

तेव्हा कापूस आठवला. कच्च्या कापसावर मेणासारखा थर असतो, त्यामुळे तो पाणी लवकर घेत नाही पण तेल-पेट्रोल लगेच ओढतो (दवाखान्यातला कापूस धुतलेला असतो, त्याचं उलट). सरकी काढून सुपारीएवढे सहा बोळे केले, गाडी पूर्ण थंड झाल्यावर बॅटरीची वायर सोडली, आणि एकेक जोडावर दोऱ्यानं बांधले: झाकणाखाली, ब्रीदरच्या तोंडाशी, पाईपच्या दोन्ही टोकांना, इंजेक्टरपाशी, आणि टाकीच्या बुडाशी जिथे पंप बसतो तिथे. सकाळी ऊन चढायच्या आत सोडले आणि पुतणीला एकेक हुंगायला दिले, तिचं नाक ताजं. पाच बोळ्यांवर मान हलवली, सहावा नाकाजवळ नेताच "ईऽऽ काका" करून फेकून दिला. पंपाखालचा. हातात घेतला तर एका बाजूनं पिवळसर न् चिप्प.

मग जानेवारीची भानगड आठवली. मेळघाटात सेमाडोहच्या पुढे पेट्रोल संपत आलं म्हणून किराणा दुकानातून दोन बाटल्या घेतल्या होत्या, त्यात पाणी निघालं, गाडी झटके द्यायला लागली, आणि घरी आल्यावर एका गॅरेजमध्ये पंप बाहेर काढून साफ करून घेतला होता. बसवताना जुनंच गॅस्केट, म्हणजे पंप अन् टाकीच्या जोडातलं रबर, बसवलं, मी समोर उभा होतो, बोललो नाही. थंडीत कळलं नाही, ऊन तापलं तसं बाहेर पडलं.

नवीन गॅस्केट यवतमाळहून मागवलं, दोनशे साठ रुपये. टाकी रिकामी केली, निंबाखालीच, बिडीवाल्या शेजाऱ्याला फाटकाबाहेरच थांबवून. पंपाचे नट काढले आणि जुनं रबर नव्यावर ठेवून पाहिलं तर राजेहो, नखाएवढं मोठं! पेट्रोलमध्ये राहून फुगलं होतं, खाचेत मावत नव्हतं म्हणून एका जागी दुमडून दाबलेलं, आणि त्याच दुमडीवर चिमट्यासारखा वळ. तिथूनच. खाच फडक्यानं पुसली, नवीन रबर बोटानं सगळीकडे दाबून बसवलं, नट समोरासमोरचे थोडे थोडे आवळले, जोर न लावता. जोर लावला तर हेही तसंच चिरडेल.

चार रात्री परत कापूस बांधून पाहिला, कोरडा. पुतणीनं फी म्हणून कुल्फी घेतली. मग मायला नेऊन टाकीजवळ उभं केलं.

"आता येते का वास?"

"नाई येत."

"मंग आत घेऊ?"

"कापूस विकला का मंग घे."

त्याचा भाव काही वाढत नाही, गाडी अजून निंबाखालीच आहे, रोज सकाळी सीटवरची पाखरांची घाण पुसतो.