फोम काँक्रीट कधी बसलं? सांगलीतल्या एका गच्चीची तपासणी

एकाच गच्चीवर, एकाच दिवशी, एकाच मशीनने ओतलेले फोम काँक्रीटचे, म्हणजे सिमेंटच्या पातळ मालात फेस मिसळून केलेल्या हलक्या काँक्रीटचे, तीन पट्टे. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला पट्टा सुताला धरून पातळीत आणि चांगला आवळलेला. दुसरा मधोमध १८ मिलिमीटर खाली गेलेला, पॅरापेटच्या कडेने भेग, वर काळपट भुकटी. तिसरा त्याहून जास्त खचलेला आणि अंगठा टेकवला की आत जाणारा. ठेकेदाराचं म्हणणं, फोमचं केमिकल खराब निघालं. घरमालकांना वाटत होतं, उन्हाने झालं. मिस्त्री म्हणाले, "सायेब, सिमेंटच खोटं हाय बगा." तिघांचंही कारण खरं मानलं, तर पहिला पट्टा चांगला कसा, याचं उत्तर मिळत नव्हतं.

घर गावभागातलं. २००५, २०१९ आणि २०२१च्या महापुरानंतर या भागात सामान आणि माणसं वर हलवायला वरचा मजला हवा, असं वाटणारी घरं पुष्कळ आहेत. आयर्विन पुलापाशी कृष्णा ४५ फुटांची धोका पातळी ओलांडायला लागली की इथे आवराआवर सुरू होते. पण खालचा पाया जुना, जमीन काळी, तेव्हा वर चढवायचं ते हलकंच हवं. सहा इंची विटेची भिंत प्लास्टर सोडून चौरस मीटरला साधारण २८५ किलो भरते, तर ८०० घनतेच्या (घनमीटरला ८०० किलो) फोम काँक्रीट ब्लॉकची तेवढ्याच जाडीची भिंत १२० किलो. गच्चीवर विटांच्या तुकड्यांचा चार इंची ब्रिकबॅट कोबा केला तर चौरस मीटरला १८० ते २०० किलो ओझं. तेवढ्याच जाडीचं उष्णतारोधक फोम काँक्रीट वाळल्यावर ६० किलोच्या आत. या घराच्या आराखड्यात गच्चीच्या फिनिशसाठी चौरस मीटरला २०० किलोच धरले होते. म्हणून फोम काँक्रीट आणि त्यावर ४० मिलिमीटर जाळीचा स्क्रीड, म्हणजे जाळी घातलेला सिमेंटचा थर, असं ठरलं. निर्णय योग्य होता. तळमजल्याच्या, पुराचं पाणी लागणाऱ्या भिंतींना मात्र मी हे ब्लॉक सुचवत नाही.

इथे एक गोष्ट आधी सांगायला हवी. ताकद आणि उष्णतारोध हे दोन गुण या मालात एकमेकांच्या विरुद्ध ओढतात. हवेचे बुडबुडे वाढवले की उष्णता अडते आणि ताकद पडते. भारतीय मानक आय.एस. २१८५ भाग ४मध्ये ८०० घनतेच्या ब्लॉकला २.५ आणि १००० घनतेला ३.५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर ताकद मागितली आहे. गच्चीवरच्या ६००च्या आसपासच्या थराला दीड-दोन मिळाली तरी पुरते, कारण भार स्लॅब घेतो आणि पायाखालचा मार स्क्रीड घेतो. पण त्या घनतेला जी काही ताकद येते ती बारीक, सुटे, बंद बुडबुडे सिमेंट आवळेपर्यंत टिकले तरच येते. बुडबुडे फुटून एकमेकांत मिसळले की माल जड होतो, तरी मजबूत होतोच असं नाही.

या कामाचं ठरलेलं प्रमाण एका घनमीटरला असं होतं: सिमेंट ३५० किलो, फ्लायॲश (वीज केंद्रातली कोळशाची बारीक राख) १५० किलो, पाणी २२५ लिटर, फोम साधारण ६०० लिटर. फोमचं एक लिटर ७० ग्रॅम भरलं पाहिजे. ६० ते ८० चालतं. केमिकल एकाला तीस पाणी. दोन पोत्यांच्या एका घाण्याला, म्हणजे मिक्सरच्या एका खेपेला, फ्लायॲश ४३ किलो, पाणी ६४ लिटर, फोम १७० लिटर, आणि त्यातून २८५ लिटर माल. ओल्या मालाचं एक लिटर ७६५ ग्रॅम भरतं, वाळल्यावर घनता ५७० ते ६००. क्रम कधीही बदलायचा नाही. आधी पाणी, मग राख, मग सिमेंट. गुठळी राहणार नाही असं तीन-चार मिनिटं फिरवायचं. फोम शेवटी, पांढरी रेघ दिसेनाशी होईपर्यंतच. त्यापुढे मिक्सर फिरवत राहिलं की पातं बुडबुडे फोडायला लागतं. नेहमीच्या ढोल मिक्सरमध्ये फोम वर तरंगत राहू शकतो; आडव्या पात्यांचा मिक्सर बरा. स्लरी, म्हणजे फोम घालण्याआधीचा पातळ माल, फार घट्ट झाली तर ती फोममधलंच पाणी ओढून घेते आणि बुडबुडे जागीच फुटतात. पाणी वाचवलं की माल मजबूत होतो, हा साध्या काँक्रीटचा नियम इथे एका मर्यादेपर्यंतच चालतो.

या साइटवर एक गोष्ट फार चांगली झाली होती. मशीनवरच्या मुलाने प्रत्येक घाण्याची वजनं वहीत लिहिली होती: फोमचं लिटर, मिक्सरमधलं लिटर, पाइपाच्या तोंडाशी घेतलेलं लिटर, आणि वेळ. एक लिटरचं स्टीलचं माप आणि किराणा दुकानातल्यासारखा इलेक्ट्रॉनिक काटा, एवढंच साहित्य. पण या तीन जागांच्या वजनांतून बिघाड कुठे झाला ते कळतं. फोमचंच लिटर ८०च्या बरंच वर गेलं, तर दोष फोम बनवणाऱ्या जनरेटरमध्ये, हवेच्या दाबात किंवा केमिकलमध्ये. फोम बरोबर, पण मिक्सरमध्येच वजन चढलं, तर दोष स्लरीत, राखेत किंवा जास्त फिरवण्यात. मिक्सरमध्ये ७६५ आणि पाइपाच्या तोंडाशी ८५० भरलं, तर पंप किंवा पाइपाची लांबी बुडबुडे फोडते आहे. तिन्ही जागी बरोबर आणि तरीही माल नंतर बसला, तर सिमेंट वेळेत आवळलेलं नाही.

वहीत पहिल्या पट्ट्याची वजनं सरळ होती: फोम ६८ ते ७४, मिक्सर आणि पाइप दोन्हीकडे ७५५ ते ७८०. केमिकलवरचा संशय तिथेच गेला, कारण दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्ट्यालाही फोमचं लिटर तेवढंच भरत होतं आणि कॅनही तोच होता. सिमेंटची पोती एकाच गाडीतली.

दुसऱ्या पट्ट्याच्या पहिल्याच घाण्याला मिक्सरमध्ये ९८५. त्यापुढे प्रत्येक घाण्याला १७० लिटरऐवजी अडीचशे लिटरपर्यंत फोम, आणि वजन ओढून ताणून ७८०वर आणलेलं. असं का, हे विचारल्यावर मुलाने कोपऱ्यातली पोती दाखवली. दुपारी फ्लायॲश संपली होती. गाडी यायला उशीर म्हणून ठेकेदाराने साखर कारखान्याच्या बॉयलरची राख मागवली होती. चिपाडाची राख. मुठीत घेतली तर काळी, हलकी, आणि नीट पाहिलं तर त्यात न जळलेले बारीक तंतू.

ही राख वाईट नाही. सांगली-साताऱ्याकडे ती भरपूर निघते, तिच्यात सिलिका चांगली असते, आणि ३०० मायक्रॉनच्या चाळणीतून चाळून, न जळलेले तंतू काढून, सिमेंटइतकी बारीक दळली तर साध्या काँक्रीटमध्ये तिचा उपयोग होतो. फोम काँक्रीटमध्ये मात्र तिच्यातला कोळसा नडतो. बुडबुड्याची भिंत ज्या केमिकलवर उभी असते ते केमिकल न जळलेला कार्बन स्वतःच्या अंगावर ओढून घेतो. बुडबुडा उघडा पडतो आणि फुटतो. म्हणूनच काँक्रीटच्या फ्लायॲशसाठी आय.एस. ३८१२ भाग १मध्ये जाळल्यावर होणारी वजनाची घट ५ टक्क्यांच्या आत मागितली आहे. जास्तीचा फोम घालून वजन खाली आणता येतं, पण ते टिकत नाही, कारण कार्बनचं ओढणं चालूच राहतं. शिवाय प्रत्येक जादा लिटर फोमबरोबर ७० ग्रॅम पाणी आणि थोडं केमिकल मालात जातं. माल पातळ होतो, आवळायला वेळ घेतो, वरचा थर भुकटीसारखा सुटतो.

खात्रीसाठी दोन गोष्टी केल्या. तिन्ही पट्ट्यांतून हॅकसॉ ब्लेडने तुकडे कापले. हा माल कोवळा असताना सहज कापला जातो. पहिल्यातला १०० मिलिमीटरचा ठोकळा म्हणजे बरोबर एक लिटर, तो ७५० ग्रॅम भरला. दुसऱ्यातल्या तुकड्यावरून हिशेब लिटरला ९५०च्या आसपास निघाला. तापलेल्या स्लॅबने पाणी ओढलं असतं तर फक्त तळाचा सेंटिमीटरभर थर दाट आणि वर माल चांगला, असं दिसलं असतं. इथे तळापासून वरपर्यंत बुडबुडे फुटून मोठे झाले होते. उन्हाचं कारणही गेलं.

दुसरी चाचणी बाटलीतली. घट्ट झाकणाच्या एका बाटलीत २० ग्रॅम सिमेंट, दुसरीत १६ ग्रॅम सिमेंट आणि ४ ग्रॅम राख, दोन्हीत ५० मिलिलिटर पाणी. केमिकल पाण्यात पातळ करून ड्रॉपरने थेंब-थेंब घालायचं, दर वेळी १५ सेकंद हलवायचं आणि ४५ सेकंद फेस मोडतो का ते पाहायचं. नुसत्या सिमेंटवर फेस लवकर धरला. शिल्लक फ्लायॲशच्या पोत्यातली राख घातली तर थोडे थेंब जास्त लागले. कारखान्याच्या राखेवर थेंबामागून थेंब घातले तरी पृष्ठभाग उघडाच. अर्ध्या तासाचं काम. नवी राख साइटवर आली की पहिला घाणा लावण्याआधी हे करायलाच हवं, मग ती कुठलीही असो.

तिसऱ्या पट्ट्याने जास्त विचार करायला लावला. तोवर चांगल्या फ्लायॲशची गाडी आली होती. वहीत फोम ७१, मिक्सर ७६५, पाइप ७७५. ओतल्यावर सूत धरलं तेव्हा पातळीही बरोबर. म्हणजे बुडबुडे बनले होते आणि जागेवर पोचलेही होते. खचणं संध्याकाळनंतरचं. फोमला किती तास उभं राहायचं ते ठरलेलं असतं. तोवर सिमेंटने त्याच्याभोवती आवळायला हवं. इथे सिमेंट वेळेत आवळलंच नाही.

सिमेंट तेच, राख तीच, फोम तोच. राहिलं पाणी. पहिल्या दोन पट्ट्यांना टाकीतलं पाणी होतं, टाकी संपल्यावर शेजारच्या बोअरचं पाणी प्लॅस्टिकच्या बॅरलमधून आणलं होतं. बॅरल जुनी विकत घेतलेली. आत हात घातला तर तळाला तपकिरी चिकट थर. त्यात पूर्वी काकवी होती.

साखर सिमेंटचं आवळणं थांबवते. सिमेंटच्या वजनाच्या ०.०५ टक्के साखरेने चार-एक तास उशीर होतो, ०.२ टक्क्यांपासून पुढे आवळणं जवळजवळ बंदच. दोन पोत्यांच्या घाण्याला ०.०५ टक्के म्हणजे फक्त ५० ग्रॅम. विसळल्याशिवाय भरलेल्या काकवीच्या बॅरलमधून तेवढी साखर ६४ लिटर पाण्यात सहज येते. ताडून पाहायला दोन कप केले: एकात टाकीच्या नव्या पाण्यात कालवलेलं सिमेंट, दुसऱ्यात बॅरलमधल्या उरलेल्या पाण्यात, प्रमाण सारखंच. संध्याकाळी पहिल्या कपावर खिळ्याचा ओरखडा उमटत नव्हता. दुसरा अजून लोण्यासारखा होता.

आता करायचं काय? साध्या काँक्रीटच्या स्लॅबला थोडी साखर लागली तर बऱ्याचदा थांबणं हाच उपाय असतो, उशिरा का होईना सिमेंट आवळतं आणि पुढची ताकद फारशी पडत नाही. मालकांनाही कोणीतरी तसंच सांगितलं होतं. पण फोम काँक्रीटमध्ये थांबून मिळत काही नाही. सिमेंट आवळेल तेव्हा बुडबुडे केव्हाच गेलेले असतील. तिसरा पट्टा मऊ होता तोवरच, त्याच दिवशी फावड्याने पूर्ण काढायला लावला. आठवड्याने तो फोडून काढण्यात मजुरीही जास्त गेली असती आणि खालच्या वॉटरप्रूफिंगला घणाचे घाव बसले असते.

दुसरा पट्टा पूर्ण काढायची गरज नव्हती. वजन स्लॅबवर वाढलेलं नव्हतं, माल तेवढाच, फक्त दबलेला. नुकसान उष्णतारोधाचं. ५७०च्या जागी वाळल्यावर ७००च्या आसपासची घनता आणि १००च्या जागी ८२ मिलिमीटर जाडी, म्हणजे उष्णता अडवण्याची क्षमता साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी. १८ मिलिमीटरचा खड्डा फोमने वरच्यावर भरता येत नाही. इतका पातळ थर धरत नाही, वाळून पापडासारखा सुटतो. म्हणून वरची भुकटी आणि सैल भाग खरवडून पट्टा ५० मिलिमीटरवर आणला, खडबडीत ठेवला, झाडून ओलावला, सिमेंटची स्लरी मारली आणि ठरलेल्या प्रमाणाचा ५० मिलिमीटर नवा थर दिला. चौरस मीटरला सात-आठ किलोच वाढले, तेही स्ट्रक्चरल इंजिनिअरना विचारून.

नव्या ओतकामाला पाणी टाकीतूनच घेतलं. ओतायच्या आधी स्लॅब ओला केला, पण पाणी साचू दिलं नाही. उतार शंभराला एक, लेव्हलचे ठिपके आदल्या दिवशी. आकुंचनाच्या भेगांसाठी घनमीटरला ९०० ग्रॅम पॉलिप्रॉपिलिन फायबर. दर घाण्याला पाइपाच्या तोंडाशी लिटर, आणि ७६५च्या ५० ग्रॅम वर गेलं की तो घाणा बाजूला. ओतल्यावर फळीने एकदाच सारखं करायचं; साध्या कोब्यासारखं थापीने ठोकत राहिलं की वरचे बुडबुडे फुटतात. दुसऱ्या दिवशी आळी बांधून पाणी भरायचं नाही, हा कोवळा माल ते पिऊन घेतो. वर ओली पोती आणि त्यावर पॉलिथिन.

स्क्रीडची घाई मालकांना होती, ढग यायला लागले होते. पण आत ओल कोंडली तर सगळा खर्च फुकट जातो. स्थिर हवेपेक्षा पाण्यातून उष्णता चोवीसपट सहज जाते, बुडबुड्यांत हवेच्या जागी पाणी बसलं की गच्ची तापायची ती तापतेच. आठवडाभर ओलं ठेवल्यावर पोती काढली, थर उघडा वाळू दिला, मग जाळीचा स्क्रीड, दर अडीच मीटरला सांधा, आणि त्यावर पुन्हा वॉटरप्रूफिंग. सांधे सीलंटने भरून झाल्यावर गच्चीवर ४८ तास पाणी भरून ठेवलं, खाली ओल नव्हती.