आमची वाटचाल: गोणी मोजणारे कॅमेरे

नाशिकजवळच्या अंबडमधल्या गाळ्यावर आमची पाटी अजूनही 'सीसीटीव्ही विक्री व दुरुस्ती' अशीच आहे. पाटी बदला म्हणून मुलगी दर दिवाळीला मागे लागते. पण कॅमेरे आता मोबाइलच्या दुकानातही मिळतात. आमचं काम त्याच्या पुढचं. ट्रकमध्ये चढणारी-उतरणारी प्रत्येक गोणी, प्रत्येक खोकं मोजायचं आणि तो आकडा व्हिडिओसकट बिल्टीच्या, म्हणजे ट्रकच्या मालपावतीच्या, नंबराला बांधून ठेवायचा. कांद्याच्या खळ्यावर, म्हणजे व्यापारी कांदा निवडून गोण्या भरतात त्या आवारात, हे जमत नाही, असं मला मोठमोठ्यांनी तोंडावर सांगितलं होतं. जमलं. ज्यांना शंका असेल त्यांनी विंचूरला जाऊन बघावं.

२०१२ साली मी आणि माझा भागीदार बंगल्यांना, शाळांना कॅमेरे आणि डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा रेकॉर्डर, बसवत होतो. ती वर्षं बरी गेली. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं सुरू झालं ते विंचूरच्या एका कांदा व्यापाऱ्यामुळे. आम्ही त्यांना शेठच म्हणतो. माल बिहार-बंगालकडे जायचा. भरताना मुकादम भिंतीवर खडूने पाच-पाचच्या रेघा ओढणार, आणि तिकडे उतरवताना चार गोण्या कमी निघाल्या की फोनाफोनी सुरू. ड्रायव्हरचं भाडं कापलं जायचं, संशय हमालांवर, शिव्या मात्र शेठना. एकदा कॅमेऱ्याचं बिल देताना त्यांनी विचारलं, "भाऊ, हा तुमचा कॅमेरा नुसता बघतो, का मोजतो पण?"

भागीदाराने ते मनावर घेतलं. संगणकाला वस्तू ओळखायला शिकवणारी तयार मॉडेल्स फुकट मिळत होती, पण त्यांना माणूस कळे, मोटार कळे, तागाची गोणी कळेना. पाठीवर गोणी घेतलेला हमाल मागून पाहिला तर डोकं दिसतच नाही, नुसती गोणी चालल्यासारखी वाटते. मग खळ्यावरचंच चित्रण घेऊन आम्ही एकेका फ्रेमवर गोण्यांभोवती चौकटी आखत बसलो. रात्री गाळ्यात हेच काम.

कॅमेरा कुठे लावायचा यावर मी तासभर बोलू शकतो. समोरून लावला तर मागची गोणी पुढच्याच्या आड जाते. डोक्यावर सरळ लावला तर दोन गोण्या घेतलेला हमाल आणि एक घेतलेला हमाल सारखाच दिसतो. फाळका, म्हणजे ट्रकचं मागचं झडप, आणि हमाल चढतात ती फळी दोन्ही दिसतील असा, बाजूने आणि वरून तिरका, असाच लावायचा. फळीवर आडवी रेषा आखायची. गोणी रेषा ओलांडून आत गेली की एक वाढली, फाटकी म्हणून परत आली की एक वजा. लेन्स झूम होणारी, २.८ ते १२ मिलिमीटरची घ्या, कारण ट्रक दर वेळी तिथेच लागत नाही. घुमटासारख्या काचेचा डोम कॅमेरा खळ्यावर चालत नाही, कांद्याचं फोल आणि धूळ काचेवर बसते. रात्री इन्फ्रारेडच्या उजेडावर किडे येतात, किड्यांमागे कोळी, आणि जाळं हललं की मोजणी बिघडते. म्हणून आम्ही साधा पांढरा दिवा वेगळा लावतो. पोरांना मी लॅन टेस्टर (नेटवर्कची वायर तपासायला) आणि आरजे-४५चं क्रिम्पिंग टूल (वायरीला पिन दाबायची पकड) स्वतः घेऊन देतो. स्वस्तातल्या पकडीने दाबलेली पिन पावसाळ्यात दगा देते.

पहिल्याच आठवड्यात कॅमेऱ्यावर कुणीतरी बारदान टाकलं. साहजिक आहे. हमाली गोणीमागे मिळते, आणि आकडा मालकाच्या खिशात गेला की आपलं काय, ही भीती. मार्ग शेठनी काढला. म्हणाले, टीव्ही माझ्या केबिनमध्ये नको, खळ्यावर लावा, सगळ्यांना दिसेल असा. तसं केल्यावर मुकादम आठवडाभर खडू आणि टीव्ही दोन्ही ताडून बघत होता. मग खडू सुटला. आज त्या खळ्यावर हमालीचा हिशेब आमच्या आकड्यावर होतो. ट्रकवाल्याला भाडं कापल्याचं सांगितलं तर तोही आधी क्लिप मागतो.

आता ज्याबद्दल मला खरं बोलायचंय ते. ऑगस्ट २०२३मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. ८ डिसेंबरला निर्यातबंदीच आली, ती थेट मे २०२४मध्ये उठली. खळी ओस, आमची बिलं थकलेली. नेमक्या त्याच दिवसांत बाहेरची एक मोठी कंपनी जिल्ह्यात उतरली. कॅमेरे फुकट, फक्त महिना भाडं. आम्ही शिकवून तयार केलेली दोन पोरं त्यांनी उचलली. त्यांच्यासोबत फळीचा कोनही गेला, आखलेल्या फ्रेम्सची माहितीही गेली. आमचं गिऱ्हाईक असलेलं एक मोठं पॅकहाउस (माल निवडून खोक्यांत भरायची जागा), ज्याचं पेमेंट अजून यायचं होतं, तेही तिकडे वळलं.

त्यांचा डेमो देखणा होता. गुळगुळीत पट्ट्यावरून सरकणारी खोकी मोजायला काय लागतं? खळ्यावर आल्यावर कळलं. सगळं चित्रण क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून दूरच्या संगणकावर, निफाडकडे इंटरनेट गेलं की मोजणी ठप्प. आमचा डबा, म्हणजे खळ्यावरच ठेवलेला छोटा संगणक, जागेवरच मोजतो, नेट आलं की पाठवतो. आणि त्यांचा आकडा फक्त मालकाच्या मोबाइलवर! एका ठिकाणी त्यावरून हमालांनी काम थांबवलं. मला आनंद झाला का? झाला.

पण तोवर आमचा श्वास गेला होता. शेठनी त्या मंदीत, स्वतःचा धंदा बसलेला असताना, पुढच्या वर्षाच्या देखभालीचे पैसे आगाऊ दिले. भागीदार द्राक्षांच्या हंगामात दिंडोरीकडच्या पॅकहाउसांत उतरला. तिथे रीफर, म्हणजे थंड ठेवणारा, कंटेनर भरताना खोकी मोजायची आणि शेवटी सीलचा नंबर वाचून ठेवायचा. शीतगृहाचं दार उघडलं की लेन्सवर वाफ धरते, ते तिथेच शिकलो. त्यावर तगलो.

नव्याने धंद्यात येणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो, विचारलं नसलं तरी. रेकॉर्डरचं घड्याळ दर महिन्याला बघा. वजनकाट्याच्या पावतीशी वेळ जुळली नाही तर भांडणात तुमची क्लिप कुणी पुरावा म्हणून मानत नाही. आणि उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घ्या. लेखी करार असला तरी सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि मुदतीत न दिलेली रक्कम आता गिऱ्हाइकाला ती देईपर्यंत आयकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही. हे वाक्य बिलावर छापा. गोड बोलून आले नाहीत असे पैसे यामुळे आलेत.

पॅकहाउसवाले या हंगामात परत आले. जुनं येणं आधी चुकतं करून घेतलं, मगच शिडी लावली. त्या कंपनीचे कॅमेरे काढायचे पैसे बिलात वेगळे धरले आहेत.