मन्मथ जंक्शन

शनिवार, १५ मार्च २०२५, रात्री उशिरा

आज पाच ओपन हाऊस (विकायचं घर येऊन बघायला खुलं ठेवतात ते) झाली. पाय दुखतायत आणि आत्ता कोणी विचारलं की गुलाबी टाइल्सचं बाथरूम कुठल्या घरात होतं तर मला सांगता येणार नाही. लेकीला पाचही घरांमधे एकच गोष्ट आवडली, ती म्हणजे किचनच्या ओट्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी ठेवलेली बिस्किटं.

सहा वर्षं इथे न्यू जर्सीत एडिसनमधे भाड्याने राहतोय, जूनअखेर लीज संपतंय, सप्टेंबरमधे लेक किंडरगार्टनला जाणार, म्हणजे आता नाही तर कधी असं दोघांनीही एकमेकांना इतक्या वेळा सांगून झालंय की आता ते खरं वाटायला लागलंय. २०२१ मधे लोक तीन टक्क्यांच्या आत मॉर्गेज (घराचं कर्ज) घेत होते तेव्हा आमचं एच-वन (नोकरीचा व्हिसा) रिन्यूअलमधे लटकलेलं, ग्रीन कार्डची रांग तर विचारूच नका, म्हटलं थांबू जरा. थांबलो. आता पावणेसात टक्के चालू आहे आणि आम्ही बिस्किटं खात फिरतोय.

आजचं चौथं घर मात्र मनात राहिलं. लिस्टिंगवर लिहिलेलं प्रिन्स्टन, झिप (पिन कोड) ०८५४०, किंमत बघून हा, म्हणजे नवरा, म्हणाला काहीतरी गडबड आहे, प्रिन्स्टनमधे एवढ्यात गॅरेज पण येणार नाही. गडबड अशी की पत्ता पोस्टाचा आहे, गाव दुसरंच. घर साउथ ब्रन्सविक टाउनशिपमधे, शाळा साउथ ब्रन्सविकची, टॅक्स साउथ ब्रन्सविकला, काउंटीसुद्धा (आपल्या जिल्ह्यासारखी) वेगळी (प्रिन्स्टन मर्सरमधे, हे मिडलसेक्समधे), फक्त पोस्टमन प्रिन्स्टनचा. सहा वर्षं इथे राहून मला हे माहीत नव्हतं! न्यू जर्सीत काउंट्या एकवीस, टाउन-बरो-टाउनशिप सगळी मिळून ५६४, शाळांच्या डिस्ट्रिक्टच्या रेघा बहुतेक या गावांच्या हद्दींवरून जातात, आणि पोस्टाने स्वतःची वाटणी तिसरीच करून ठेवलीय. शेजारच्या दोन गल्ल्यांचा पिन कोड एक आणि मुलं दोन वेगळ्या डिस्ट्रिक्टमधे. आमच्या रिअल्टर (घराच्या एजंट, गुजराथी आहेत, आम्ही बेन म्हणतो) म्हणाल्या, पत्ता कधी वाचायचाच नाही, टॅक्स रेकॉर्डमधलं गाव वाचायचं. हे वाक्य मी फोनमधे लिहून ठेवलंय.

आईला फोनवर सांगत होते की आज मॉनमथ जंक्शनला पण एक घर बघितलं, तर तिला ऐकू आलं मन्मथ जंक्शन. म्हणाली, वा, नाव छान आहे, म्हणजे स्टेशन जवळ असेल. आता तिला कसं सांगू की तिथे जंक्शन आहे पण गाडी थांबत नाही. डोंबिवलीच्या बाईला हे पटणारच नाही. रूळ आहेत, नॉर्थईस्ट कॉरिडॉरच्या गाड्या धाडधाड जातात, पण न्यूयॉर्कची गाडी पकडायची तर प्रिन्स्टन जंक्शनला जायचं, आणि ते स्टेशन प्रिन्स्टनमधे नाही, वेस्ट विंडसरमधे आहे. झोपते आता.

बुधवार, १९ मार्च

दोन घरं उरलीत. एक वेस्ट विंडसर, साडेआठ लाख डॉलरच्या वर, प्रॉपर्टी टॅक्स वर्षाला साडेसतरा हजार. दुसरं तेच साउथ ब्रन्सविकचं प्रिन्स्टन-नावाचं टाउनहाऊस, मागणी ६,८९,०००, टॅक्स तेरा हजाराच्या जरा खाली. न्यू जर्सीत सरासरी टॅक्स गेल्या वर्षी दहा हजाराच्या वर गेला म्हणजे यात नवल काही नाही, पण साडेसतरा हजार भागिले बारा केल्यावर दोघंही गप्प बसलो. कर्ज फिटलं तरी हे भाडं टाउनशिपला जन्मभर देत राहायचं. त्यातला निम्मा, निम्म्याहून जास्तच, शाळांना जातो, म्हणजे फी कोणी मागत नाही पण फी आहेच, घराच्या आत लपवलेली. फेडरल टॅक्समधे वजावट मिळते ती २०१८ ते २०२४ दहा हजारालाच थांबायची, वरचं सगळं आपल्या खिशातून.

वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोच्या शाळा म्हणजे आपल्या लोकांची पंढरी. ऑफिसमधे, बर्थडे पार्टीत, मराठी विश्वच्या (इथल्या मराठी मंडळाच्या) कार्यक्रमात समोशाच्या रांगेत, कुठेही विचारा, उत्तर तेच. मी बेनना सरळ विचारलं की मग वेस्ट विंडसरच घ्यावं का, तिथल्या शाळा खरंच चांगल्या आहेत का, आणि आपले लोक कुठे जास्त आहेत. एरवी अखंड बोलणाऱ्या बेन एकदम वकिलासारख्या झाल्या. म्हणाल्या, हे मी सांगू शकत नाही, १९६८ चा फेअर हाउसिंगचा कायदा आहे, कुठे कोण राहतं हे सांगून गिऱ्हाइकाला इकडे-तिकडे वळवलं तर माझं लायसन्स जाईल, शाळांचे आकडे राज्याच्या साइटवर आहेत ते तुम्ही बघा.

तेव्हा मला चक्क राग आला. एवढी फी घेणार आणि मोलाचं तेच सांगणार नाही.

मग रात्री भांडी लावताना बाबा आठवले. ८९ मधे ते मुलुंडला फ्लॅट बघायला गेले होते, टोकन द्यायची तयारी करून, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीने चहा पाजून विचारलं होतं, तुम्ही मालवणकडचे ना, मासे खात असाल? बाबा म्हणाले, खातो. संपलं. फ्लॅट दुसऱ्या कोणालातरी आधीच दिलाय असं दोन दिवसांनी कळलं. मग डोंबिवली. ही गोष्ट आमच्या घरी विनोद म्हणून सांगतात, बाबा सेक्रेटरीची नक्कल पण करतात, पण आई कधी हसलेली मला आठवत नाही. आणि आज मी बेनना जे विचारलं ते त्या सेक्रेटरीपेक्षा फार वेगळं होतं का? होतं थोडं. फार नाही.

खरं सांगायचं तर शनिवारी मी प्रत्येक गल्लीत कोणाच्या दाराबाहेर चपलांचा ढीग आहे ते मोजत होते. ह्याला सांगितलं नाही.

बरं ते शाळांचं रेटिंग. वेस्ट विंडसरला दहापैकी नऊ, साउथ ब्रन्सविकला दहापैकी सात. मी दोन रात्री बसून नऊवाल्या आणि सातवाल्या दोन्ही प्रायमरी शाळांचे राज्याचे रिपोर्ट वाचले, माझं कामच डेटाचं आहे म्हणून जरा मिजास होती. आकड्याचा मोठा भाग शेवटी टेस्टचे मार्क. आणि तिसरीतलं पोर गणिताच्या टेस्टला कसं करतं यात शाळा किती, आईबाबांच्या डिग्र्या किती आणि शनिवारची ट्यूशन किती हे त्या आकड्यात कुठेच वेगळं काढलेलं नाही. नऊवाल्या शाळेत मास्तर सातवाल्यापेक्षा चांगलं शिकवतात का हे मला दोन रात्रींनंतरही कळलं नाही, तिथे आमच्यासारखे पालक जास्त राहतात एवढं मात्र कळलं. म्हणजे दीड-पावणेदोन लाख डॉलर जास्त मोजून आम्ही शेजारी विकत घेणार. एडिसनमधे तर एकच टाउन, एकच डिस्ट्रिक्ट, टॅक्सचा दर तोच, पण पोर उत्तरेला जेपी स्टीव्हन्स हायस्कूलला जाणार की दक्षिणेला एडिसन हायला, यावर लोक घराची किंमत ठरवतात. ज्या पोराचे अजून दात पडले नाहीत त्याचं हायस्कूल.

ह्याने एक जुनी गोष्ट शोधून काढली. २०१५ मधे वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोच्या शाळांचे प्रमुख (सुपरिंटेंडंट) डेव्हिड अ‍ॅडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानी पत्र लिहिलं होतं की मुलांवरचा ताण हाताबाहेर चाललाय, आदल्या वर्षी मिडल आणि हायस्कूलच्या १२० मुलांना मानसिक तपासणीसाठी पाठवावं लागलं, त्यातली ४० हॉस्पिटलमधे. हायस्कूलच्या मिडटर्म आणि फायनल बंद केल्या, होमवर्क नसलेल्या रात्री ठरवल्या. यावर पालकांमधे उभी फूट पडली, आणि आपल्याकडच्या, चिनी वगैरे पालकांपैकी बऱ्याच जणांचं म्हणणं की अभ्यास पातळ करताय. हा म्हणाला बघ, कशाला हवंय ते. मी म्हटलं त्याला दहा वर्षं झाली, आणि निदान त्या माणसाने लिहून तरी काढलं, बाकी ठिकाणी पत्र आलं नाही म्हणजे ताण नाही असं थोडंच आहे. पण खरा प्रश्न तो नाहीच. तेव्हा त्या मीटिंगमधे मी असते तर कुठल्या बाजूला बसले असते ते मला पक्कं माहीत आहे. दहावीला ९१ टक्के पडले म्हणून रडलेली मुलगी आहे मी.

भांडी अर्धीच लावली.

रविवार, ३० मार्च, पाडवा

लीजमधे बाल्कनीत काही टांगायचं नाही असं कलम आहे, म्हणून गुढी काचेच्या आतून. पडद्याचा दांडा, आईच्या जुन्या पैठणीचा तुकडा, डोंबिवलीहून आणलेला तांब्या, साखरेची गाठी ओकट्री रोडवरची (इथला देशी बाजार), कडुनिंब नाही म्हणून कढीपत्ता. लेक म्हणाली गुढीला बाहेर जायचंय. मी म्हटलं नवीन घरी जाईल. तोंडातून निघून गेलं.

मधे एक दिवस सकाळपासून पाऊस होता. बाबांचा नियम आहे, घर बघायचं तर पावसात. २००५ च्या २६ जुलैला आमच्या खालच्या मजल्यावरचे लोक दोन दिवस आमच्या एवढ्याशा हॉलमधे झोपले होते, तेव्हापासून तर तो वेदवाक्यच झालाय. आणि इथेही २०२१ च्या १ सप्टेंबरला आयडा वादळ आलं तेव्हा आमच्या पार्किंगमधल्या गाड्यांच्या चाकांवर पाणी आम्ही खिडकीतून बघितलंय. तर लंच ब्रेकमधे रेनकोट घालून दोन्ही घरांच्या मागे-पुढे फिरून आले. वेस्ट विंडसरच्या घराच्या मागे अंगणात तळं. साउथ ब्रन्सविकला गल्लीच्या टोकाला गटाराच्या जाळीत पाणी सरळ आत जात होतं, मी तिथे दहा मिनिटं उभी राहून ते पाणी बघत होते, एक आजोबा कुत्र्याला घेऊन आले आणि काही हरवलंय का म्हणून विचारलं. गोरे, ऐंशीच्या पुढचे. मी घर बघतेय म्हटल्यावर त्यांनी न विचारता सगळं सांगितलं, आयडात लाइट किती तास गेली, कोणाचं बेसमेंट भरलं (शेवटच्या दोन घरांचं, आमचं नाही), स्कूल बस कुठे थांबते. गेल्या वर्षी मार्चपासून विकणाऱ्याने पुराची माहिती लिहून द्यायची असा नियम झालाय इथे, पण त्या कागदापेक्षा मला आजोबा जास्त भरवशाचे वाटले.

बसचं पण एक प्रकरण होतं. आठवीपर्यंतच्या मुलांचं घर शाळेपासून दोन मैलांच्या पलीकडे असेल तरच बस देणं बंधनकारक, आणि आमचं अंतर १.९! फोन केला, बाई म्हणाल्या वाटेत फूटपाथ नाही त्यामुळे त्या गल्लीला बस आहे. फूटपाथ नसल्याचा एवढा आनंद आयुष्यात झाला नव्हता.

पेच फक्त ह्याच्या ट्रेनचा. वेस्ट विंडसरहून पाच मिनिटांत स्टेशन, साउथ ब्रन्सविकहून वीस, आठवड्याला तीन दिवस. मी काही बोलले नाही, कारण बोलायला माझ्याकडे काही नव्हतं, दमणार तो आहे. दुपारी श्रीखंड खाताना म्हणाला, तुझे बाबा डोंबिवलीहून फोर्टला तीस वर्षं उभ्याने गेले, मी बसून तर जाईन.

साडेचार वाजता ऑफर पाठवली. ७,१५,०००. आई म्हणाली साडेतीन मुहूर्तांपैकी एक आहे, मिळणारच.

गुरुवार, १० एप्रिल

मिळालं. अकरा ऑफर होत्या, आमच्यापेक्षा जास्तीची एक होती म्हणे, पण त्यांना इन्स्पेक्शनच्या तारखा जमत नव्हत्या. मुहूर्त, आई म्हणते.

मग अटर्नी रिव्ह्यू. सही झाल्यावर तीन वर्किंग डे दोन्ही बाजूंचे वकील काहीही कारण न देता सगळं मोडू शकतात, आणि ते तीन दिवस पत्रापत्रीत आठ होतात. काल रात्री संपला. मैत्रिणीला सांगितलं तर आधी अभिनंदन, मग लगेच, अगं पण वेस्ट विंडसरला का नाही घेतलं, शाळा? मी म्हटलं बजेट. ते खोटं नाहीये, पण सगळं खरंही नाहीये, आणि चपलांची गोष्ट तिला फोनवर कुठे सांगत बसू. तिचं घर तिकडेच आहे. ती बिचारी चांगल्या मनाने म्हणाली की हायस्कूलच्या वेळी शिफ्ट होता येईल, आणि फोन ठेवल्यावर मी पाच मिनिटं खरंच हिशोब करत बसले होते, नऊ वर्षांनी किती इक्विटी (घरातला आपला वाटा) होईल याचा.

सोमवारी इन्स्पेक्शन. बेसमेंटमधे सम्प पंप (साठलेलं पाणी बाहेर टाकणारा) चालतो का, पुरलेली ऑइल टँक नाही ना, आणि रेडॉनचा (जमिनीतून येणाऱ्या घातक वायूचा) एक डबा ४८ तास खाली ठेवून द्यायचा, आकडा चारच्या खाली आला पाहिजे. लेकीला सांगितलं की घराची तब्येत बघायला डॉक्टर येणार, तिने तिचं खेळण्यातलं स्टेथोस्कोप बॅगेत भरून ठेवलंय.

किल्ली हातात येईपर्यंत कोणाला काही बोलायचं नाही असं आईने बजावलंय. आणि मी इथे सगळं लिहून मोकळी.