काकांचा देशी डाव

सांगलीला बुद्धिबळाची पंढरी म्हणतात. अशी बिरुदं गावोगावी असतात, पण आमच्या गावानं हे कमावलंय, असं माझं ठाम मत आहे. भाऊसाहेब पडसलगीकर, त्यांचं नूतन बुद्धिबळ मंडळ आणि वर्षानुवर्षं भरलेल्या स्पर्धा यांचं ते श्रेय. पुढे स्वाती घाटे महिला ग्रँडमास्टर झाली, तेव्हा गल्लीतल्या बायकासुद्धा रेटिंगबद्दल बोलायला लागल्या होत्या.

पण मला सांगायचंय ते आमच्या काकांच्या पिढीबद्दल. ती देशी पद्धतीवर वाढलेली. पहिल्या चालीलाही प्यादं एकच घर सरकणार. किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती यांची एकाच वेळची चाल, नाही. त्याऐवजी शह लागलेला नसेल, तर राजानं एकदाच घोड्यासारखी उडी मारायची. प्यादं शेवटच्या ओळीत पोचलं की ज्या घरात पोचलं त्याच घराचं मोहरं व्हायचं. हत्तीच्या घरात गेलं, तर हत्तीच. वजीर मागायची सोय नाही. त्यामुळे डाव सावकाश रंगायचा, मारामारी उशिरा सुरू व्हायची.

१९५५ साली एलुरूला पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली. रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या संयुक्त विजेते ठरले. तरी घरातल्या पटावर आंतरराष्ट्रीय नियम नव्हेत, देशीच चालायचं. काकांचा हुकमी दाखला म्हणजे मीर सुलतान खान. देशीवर शिकलेला हा माणूस १९२९ मध्ये ब्रिटिश विजेता झाला होता ना!

नव्या नियमांतलं दोन घरं जाणारं प्यादं काकांनी पचवलं. अडलं ते 'एन पासां'पाशी, म्हणजे दोन घरं जाऊन शेजारी आलेलं प्यादं, ते एकच घर चाललंय असं धरून लगेच पुढच्या चालीत मारायच्या नियमापाशी. माझं पांढरं प्यादं इ५ वर, त्यांनी काळं प्यादं डी७ वरून थेट डी५ वर आणलं. मी ते डी६ वर जाऊन मारलं. काका माझ्या बोटाकडे बघतच राहिले. "अगं, तिथं आहे कोण? मारलंस कुणाला?"

खरं तर नियम सरळ आहे. दोन घरांची मुभा दिली, म्हणून प्याद्याला शत्रूच्या माऱ्यातून निसटता येऊ लागलं. ती पळवाट बुजवायला एन पासां. देशीत प्यादं एकेकच घर चालतं, तिथं असली भानगडच नाही! मी हे समजावलं, तर काका म्हणाले, "म्हणजे आधी घोळ घालायचा आणि मग त्याला नियम काढायचा."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. डाव मात्र मीच जिंकला.