अंतूरच्या ‘मागच्या वाटे’ने गाडी घालू नका

पन्नास फूट. ट्रॅक्टरने आमची गाडी एवढीच मागे ओढली आणि 4,500 रुपये घेतले. फुटाला 90 रुपये. हा हिशोब परतताना दाजींनी मला चार वेळा करून दाखवला.

बेत साधा होता. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नडहून नागापूर, तिथून अंतूर किल्ला आणि किल्ल्याच्या अलीकडे फुटणाऱ्या वाटेने रानातून उतरून थेट डांबरी रस्त्याला लागायचं. ही वाट एका व्हिडिओत पाहिलेली. पाच गाड्या धुरळा उडवत झोकात उतरतात, खाली चहा पितात, व्हिडिओ संपतो. धुरळा आहे म्हणजे हे मार्च-एप्रिलचं शूटिंग, एवढं तरी डोक्यात यायला हवं होतं. आम्ही गेलो घटस्थापनेच्या आदल्या शनिवारी, तेही रात्रभर झोडपून काढलेल्या पावसानंतर. फोनवरच्या नकाशातही ती रेघ चांगली ठळक होती. मग काय विचारता!

नागापूरहून किल्ल्याकडे जाणारा कच्चा रस्ता दगडधोंड्यांचा, पण सरळमार्गी. कोरड्या दिवसात बोलेरोही जाते. किल्ला झकास आहे, तलाव आहे, दरवाजे शाबूत आहेत. वाटेवर निजामशाहीतला फारसी अक्षरांचा मैलाचा दगड उभा आहे, तो चुकवू नका. किल्ल्याबद्दल एवढं बस.

आता त्या वाटेचं. पहिला अर्धा किलोमीटर मुरूम, मग काळी माती. आपल्याकडच्या काळ्या मातीला ओल लागली की टायरचे दात पाच-सात फेऱ्यांत भरतात आणि चाकाचा वरवंटा होतो. टायरची हवा 20 पीएसआयवर उतरवली, लो रेंज म्हणजे फोर-बाय-फोरचा ताकदीचा गियर टाकला, तरी गाडी माझं ऐकत नव्हती, उताराचं ऐकत होती. आधीच्या गाड्यांच्या चाकोऱ्या गुडघाभर खोल पडलेल्या. पावसाचं पाणी नाल्याकडे जायचं सोडून त्या चाकोऱ्यांतूनच खळखळत निघालं होतं. दोन्ही बाजूंची सागाची रोपं मुळं उघडी पडून कलंडलेली. एका वळणावर ब्रेक मारला. गाडी तशीच घसरत गेली आणि पुढचं डावं चाक खाली गेलं.

खाली म्हणजे चरात. वाटेवर आडवा खणलेला, कमरेएवढा खोल. भिंतीवर जेसीबीच्या दातांचे ओरखडे अजून ताजे होते. पलीकडे मातीचा ढीग, ढिगावर बोरीच्या काट्या. आत घोटाभर पाणी आणि पाण्यात एक बेडूक, आमच्याकडे बघत बसलेला. गाडी फसली ती अशी. दोन तास फावडं चालवलं, चाकाखाली दगड भरले, दाजींच्या नव्या चपला गेल्या. गाडी इंचभर हलली नाही.

शेवटी तासभर चालत एका वस्तीवर गेलो. नाव सांगत नाही. ट्रॅक्टरवाला पोरगा विशीतला.

“किती घेशील?”

“साडेचार, दादा. या महिन्यातले तुम्ही तिसरे.”

“हजारात नाही का होत?”

“हजारात येणारा आहे ना. पण त्याचा ट्रॅक्टर मळणीला लागलाय. सोमवारी येईल.”

ही सरळ लूट आहे, माझं मत बदललेलं नाही. मात्र साखळी त्याने आणली, डिझेल त्याचं आणि चिखलात पोटावर झोपून हूक लावला तोही त्यानेच. दाजींचं म्हणणं, तरीसुद्धा त्याने तीन हजार जास्तच घेतले.

गाडी निघाली आणि मोटारसायकलवरून वनरक्षक आले. मी फोन पुढे केला, “साहेब, नकाशात रस्ता दाखवतोय.”

“तो रस्ता नाही हो. जाळरेषा आहे.”

वणवा एका बाजूचा दुसरीकडे जाऊ नये म्हणून गवत-झुडूप काढून मोकळा ठेवलेला पट्टा म्हणजे जाळरेषा. उन्हाळ्यात साफ केली की वरून रस्त्यासारखी दिसते. नकाशावाले फसले, व्हिडिओवाले घुसले आणि त्यांच्यामागे आम्ही. वनरक्षकांनी नाव आणि गाडीचा नंबर लिहून घेतला, चांगलं फैलावर घेतलं आणि सोडलं. नशीब आमचं. तुम्ही नशिबावर जाऊ नका.

कारण हे रान म्हणजे गौताळा औट्रमघाट, 1986 पासूनचं अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा 1972, कलम 27 सांगतं की अभयारण्यातल्या सार्वजनिक रस्त्याने नुसतं पार जाणाऱ्याला मुभा आहे. बाकी पर्यटकाने परवाना घ्यायचा, तो कलम 28 खाली मिळतो. म्हणजे डांबरीवरून जाताय तोवर तुम्ही वाटसरू, बाजूला चाक वळवलं की घुसखोर. 2022 च्या दुरुस्तीनंतर दंडाची कमाल 25 हजारांवरून 1 लाखावर गेली आहे, कैद तीन वर्षांपर्यंत आहे आणि गाडी जप्त होऊ शकते ती वेगळीच. 2021 मध्ये टिपेश्वर अभयारण्यातला वाघ 300 हून जास्त किलोमीटर चालत या रानात आला. त्याला परवाना लागत नाही, आपल्याला लागतो.

जाणाऱ्यांसाठी सांगतो. नकाशातली रेघ गाडीवाट आहे का, ते गावनकाशावर बघा. तिथे गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने असतो आणि पाऊलवाट एकेरी. दुहेरी रेघ नसेल तर विषय संपला. असली तरी निघायच्या आदल्या दिवशी वनखात्याच्या चौकीवर स्वतः जाऊन विचारा, आणि काय सांगितलं त्यापेक्षा कोणी सांगितलं ते लिहून ठेवा. काळ्या मातीत पाऊस पडल्यावर निदान चार दिवस ऊन मिळाल्याशिवाय चाक घालू नका. एकट्या गाडीने तर मुळीच नाही. चाळीसगावकडून मोठी क्रेन येईल या भरवशावर राहू नका. कन्नड घाटात ऑगस्ट 2023 पासून कोर्टाच्या आदेशाने अवजड वाहनांना बंदी आहे. ट्रॅक्टरचा भाव साखळी लावायच्या आधी ठरवा, सुटे पैसे जवळ ठेवा, रेंज नाही तिथे फोनवरून पैसे जात नाहीत. आमचे पाचशे त्यातच जास्त गेले, म्हणजे खरं तर फुटाला शंभर पडले. दाजींना हे अजून सांगितलेलं नाही.

आणि चर चुकवून बाजूने गाडी काढता येईल का, असं मला दोघांनी आत्ताच विचारलंय. येईल. काढू नका.

रविवारी पितळखोरा लेणी बघितली, छान.

सोमवारी गाडी धुवायला टाकली. वॉशिंगवाल्याने खालून पाण्याचा फवारा मारला, दोन घमेली काळी माती काढली आणि 400 च्या जागी 900 मागितले. कुठून आणली म्हणाला.