आमची वाटचाल : वॅनरूच्या वाळूतली नर्सरी

तळेगाव दाभाड्याच्या पॉलिहाऊसमध्ये जरबेऱ्यावर हात बसला होता. पर्थला आल्यावर उत्तरेकडे वॅनरूत भाड्याने जमीन घेतली आणि आम्ही दोघांनी नर्सरी टाकली. पीक एकच धरलं, कांगारू पॉ, म्हणजे कांगारूच्या पंजासारख्या फुलांचं इथलं झाड. त्यातही लाल-हिरवं अ‍ॅनिगोझँथॉस मँगलेसी, १९६० पासून पश्चिम ऑस्ट्रेलियाचं राज्यपुष्प. इथले मूळ रहिवासी नूंगार त्याला कुरुलब्रांग म्हणतात.

सगळे धंदेवाले ऊतिसंवर्धनाचे (टिश्यू कल्चरचे) संकर विकतात. त्यात फ्लॅविडस या कांगारू पॉच्याच दुसऱ्या जातीचं रक्त असतं, त्यामुळे झाड चिवट होतं, चिकणमातीतही तगतं आणि करप्याला सहसा दाद देत नाही. मँगलेसी नखरेल. ऊन पूर्ण हवं, निचरा चोख हवा, आणि बागेत दोन-तीन वर्षं टिकलं तरी पुष्कळ. तरीही आम्ही बियांवरूनच करायचं ठरवलं, कारण त्या मखमली हिरव्या नळीखालचा लाल देठ संकरात तसा उतरत नाही.

बियांना धूर द्यावा लागतो. वणव्यानंतर उगवणारं झाड हे. आमचं तेलाचं जुनं पिंप अजून चालू आहे: आत वाळक्या काटक्या आणि थोडा ओला पाला, झाकणातून निघालेला लांब पाइप, त्याचं दुसरं टोक ट्रेवर ताणलेल्या ताडपत्रीखाली. पाइप लांबच ठेवा, धूर थंड होऊन पोचला पाहिजे. धुराचं तयार पाणी बाटलीत मिळतं, पण पिंपासारखी एकसारखी उगवण आम्हाला त्यात दिसली नाही.

आता आमच्यावर आलेल्या बालंटाचं प्रकरण. एका लँडस्केप ठेकेदाराकडे आमची मोठी ऑर्डर होती. त्याने लावलेल्या बागेतले बँक्सिया, म्हणजे इथली स्थानिक झुडपं, वाळले. जवळच्याच एका नर्सरीवाल्याने त्याच्या कानात घातलं, की या लोकांच्या कुंड्यांतून डायबॅक आला, म्हणजे फायटोफ्थोरा या मातीतल्या जंतूने मुळं कुजवून झाड वाळवणारा रोग. फायटोफ्थोराचं नाव निघालं की इथे कोणी पुरावा मागत नाही. ठेकेदाराने भरलेला ट्रक परत पाठवला, महिन्याभरात बाकीचे खरेदीदारही फोन उचलेनात. आमचं कुंड्यांत भरायचं मिश्रण जंतू मरावेत म्हणून ६० अंशांच्या हवामिश्रित वाफेवर अर्धा तास धरलेलं, एकही कुंडी जमिनीला टेकलेली नाही, सगळ्या जाळीच्या बाकांवर! भाडं थकलं, हिच्या बांगड्या गेल्या.

आम्ही स्वखर्चाने नमुने तपासायला दिले. मातीवर पाणी घालून त्यात ल्युपिन या शेंगवर्गीय झाडाच्या कोवळ्या रोपांची मुळं सोडतात. फायटोफ्थोरा असेल तर मुळांवर तपकिरी चट्टे पडतात. आमच्या एकाही नमुन्यात चट्टा नव्हता. अहवाल त्या ठेकेदाराला दाखवला. 'बरं' म्हणाला. अफवा उठवणाऱ्याने आजपर्यंत एक शब्द काढलेला नाही, आणि आमच्या हातून गेलेली ऑर्डर त्यानेच पुरी केली. हे आम्ही विसरलेलो नाही.

त्या हंगामात नेमाने आल्या त्या शाळेतल्या एक निवृत्त बाई. पैसे आगाऊ दिले. दर वेळी एक फूल हातात घेऊन नातवंडांना समजावायच्या: नळी खालच्या बाजूने उभी चिरलेली आहे, वरच्या कडेला सहा परागकोश ओळीत आहेत, हनीईटर पक्षी मधासाठी चोच घालतो तेव्हा पराग त्याच्या डोक्यावर बसतात. ओळखीच्या सगळ्या बागवाल्यांना त्यांनी आमच्याकडे आणलं. नर्सरी उभी राहिली ती त्यांच्यामुळे. पुढची वर्षं सुरळीत गेली.

ज्यांनी आमची रोपं नेली आहेत त्यांच्यासाठी दोन शब्द. पात्यांचा प्रत्येक पंखा एकदाच फुलतो, म्हणून फुलं सरली की तो पंखा सिकेटरने (छाटणीच्या कात्रीने) जमिनीलगत कापा; मूलकांडातून नवे फुटवे येतात. नुसता दांडा छाटून थांबू नका. पाणी मुळाशी, सकाळी. वरून फवाऱ्याने दिलं तर पानांवर काळा करपा आलाच समजा. गोगलगायींसाठी रात्री टॉर्च घेऊन फेरी मारा.

आणि डिसेंबरात रोप मागू नका, इथे तेव्हा उन्हाळा असतो, आम्ही देत नाही. एप्रिल-मेमध्ये पाऊस धरला की या, तेव्हा लावलेल्या रोपाची मुळं उन्हाळ्याआधी खाली उतरतात.