‘स्मृतिचित्रे’नंतर काय वाचू?

नोकरी संपवून साताऱ्याला राहायला आले तेव्हा कितीतरी वर्षांनी सलग वाचायला सवड मिळाली. पहिलंच पुस्तक हाती लागलं ते लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. ते संपलं आणि मोठी पंचाईत झाली. दुसरं काही वाचवेना. चार पानं झाली की पुस्तक मिटावंसं वाटायचं. मला हवं तरी काय होतं, तेही नीट सांगता येत नव्हतं. शेवटी पेठेतल्या वाचनालयात नाव घातलं. तिथून पुढचं पुस्तक कसं सापडलं आणि त्यातून त्याच्या पुढचं कसं निघत गेलं, ते सविस्तर लिहिते. माझ्यासारखे अडकलेले वाचक पुष्कळ भेटतात. बहुतेकांना वाटतं की वाचनालय म्हणजे आपण नाव सांगायचं आणि त्यांनी पुस्तक काढून द्यायचं. नावच ठाऊक नसेल तेव्हा वाचनालयाचा खरा उपयोग होतो, हे मला इथे कळलं.

सभासद होणं सोपं होतं. अर्ज, आधारकार्डाची झेरॉक्स, अनामत, वर्गणी, आणि ओळख म्हणून एका जुन्या सभासदाची सही. शेजारच्या काकांनी ती केली.

माझ्या लहानपणी आमच्या मुंबईच्या वाचनालयात वाचकाला काउंटरच्या पलीकडे जाता येत नसे. छापील यादीतून पुस्तकांचे क्रमांक शोधायचे, चिठ्ठीवर आठ-दहा लिहून द्यायचे आणि आतून जे जागेवर सापडेल ते शिपाईमामा आणून देत. निवड व्हायची ती पुस्तकाच्या आणि लेखकाच्या नावावर. इथे थेट कपाटांपाशी जाता येतं. ही सोय किती मोठी आहे, हे चिठ्ठ्या लिहिलेल्यांनाच कळेल.

तरी कपाटांपाशी जाऊनही माझं अडलंच. आमच्याकडे पुस्तकं वाङ्मयप्रकारानुसार लावलेली आहेत: कादंबरी, कथा, चरित्र, आत्मचरित्र, प्रवासवर्णन, धार्मिक, संकीर्ण. प्रत्येक प्रकारात दाखल क्रमांकानं, म्हणजे ज्या क्रमानं वाचनालयात आली त्या क्रमानं. त्यामुळे शेजारी शेजारी उभी असलेली दोन पुस्तकं एकाच खरेदीत आली, एवढंच त्यांचं नातं असू शकतं. आत्मचरित्रांच्या कपाटात लक्ष्मीबाईंच्या एका बाजूला एक पुढारी होते आणि दुसऱ्या बाजूला एक शल्यविशारद. मोठ्या ग्रंथालयांत ड्यूईची दशांश पद्धत असते. ती 1876 सालची. तिच्यात मराठी साहित्याला 891.46 हा अंक आहे आणि चरित्रांसाठी 920. नीट लावलेलं असेल तर एका विषयाची पुस्तकं एकत्र सापडतात, आणि अभ्यास करणाऱ्याला त्याचा फार उपयोग होतो. पण मला विषय नको होता. मला तसं बोलणारं माणूस हवं होतं, आणि त्यासाठी कुठल्याच पद्धतीत अंक नाही.

मी कपाटासमोर बराच वेळ घालवते आहे हे ग्रंथपाल ताईंनी पाहिलं असावं. त्या उठून आल्या. “काय हवंय काकू?” असं विचारतील असं वाटलं होतं. त्यांनी विचारलं, “शेवटचं मनापासून आवडलेलं कोणतं?” मी सांगितलं. “त्यातलं काय आवडलं?”

इथे मी थबकले. मग जसं सुचलं तसं सांगितलं. त्या केवढ्या हालअपेष्टांतून गेल्या, पण कुठे गाऱ्हाणं नाही. नवरा धर्म बदलतो, संसार मोडतो आणि पुन्हा जुळतो, आणि हे सगळं त्या समोर बसून बोलल्यासारखं सांगतात. स्वतःलाही हसतात. विद्वत्ता कुठे आड येत नाही.

“म्हणजे आत्मचरित्रच पाहिजे असं नाही. बोलका सूर पाहिजे,” ताई म्हणाल्या.

मला जे सांगता येत नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात धरलं.

तरीही पहिल्या वेळी त्यांनी दिलं ते रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. 1910 सालचं. त्याच काळातली बाई, मोठ्या माणसाची बायको, म्हणून दिलं. पुस्तक मोलाचं आहे यात मला शंका नाही. न्यायमूर्तींच्या घरात राहून इंग्रजी शिकणारी मुलगी आणि तिला घरातल्या बायकांनी केलेला जाच, हा भाग मी विसरणार नाही. पण त्या पुस्तकात मध्यभागी न्यायमूर्ती आहेत आणि रमाबाई अदबीनं बाजूला उभ्या आहेत. मी अर्ध्यात परत केलं आणि का ते सांगितलं. ताईंना वाईट वाटलं नाही, उलट त्यांचा चेहरा खुलला. “न आवडलेलं कळलं की मला जास्त सोपं जातं,” त्या म्हणाल्या. पुस्तक परत करताना बहुतेक लोक ‘छान होतं’ म्हणतात आणि निघून जातात. त्यानं त्यांना काहीच कळत नाही.

पुढच्या वेळी मिळालं आनंदीबाई कर्व्यांचं ‘माझे पुराण’. 1944 सालचं, आकारानं छोटं. धोंडो केशव कर्व्यांच्या या दुसऱ्या पत्नी. घरचे त्यांना ‘बाया’ म्हणत. लहानपणीच वैधव्य आलेलं, पुढे पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकायला गेल्या, आणि मग अण्णांशी, म्हणजे कर्व्यांशी, पुनर्विवाह. आता इथे सूर जुळला! नवरा संस्था उभ्या करतो आहे आणि घरात पैसा नाही, तो कुठून आणायचा याचा विचार बायांनी करायचा, हे त्या कसलाही आव न आणता सांगतात. मी ते दोनदा वाचलं.

यानंतर जे झालं त्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले.

ताई आत्मचरित्रांच्या कपाटाकडे गेल्याच नाहीत. पलीकडच्या भिंतीला ‘दलित साहित्य’ अशी पट्टी लावलेलं कपाट आहे, तिथून त्यांनी बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ काढलं. “काकू, हे आपल्या फलटणचं आहे.” मी नाव ऐकलं होतं. पण त्या कपाटापाशी मी आपणहून कधी गेले नसते, कारण मला आत्मचरित्र हवं होतं आणि त्या कपाटावर आत्मचरित्र असं लिहिलेलं नव्हतं. किती वाचकांचं असं होत असेल! बेबीताई फलटणला छोटं दुकान चालवायच्या. मालाच्या पुड्या बांधायला आलेल्या रद्दीतले कागद वाचायच्या. आणि घरातल्यांच्या नकळत लिहायच्या, लिहिलेलं वर्षानुवर्षं लपवून ठेवायच्या. पुस्तक 1986 मध्ये आलं. त्यात त्या ‘मी’पेक्षा ‘आम्ही’ म्हणतात, वीरगावच्या अख्ख्या महारवाड्याचं जिणं सांगतात. भूक, सणवार, अंगात येणं, सासुरवास, आणि बाबासाहेबांचे शब्द कानावर पडल्यावर बदलत गेलेली माणसं. लक्ष्मीबाईंच्या सोसण्याला निदान ओटा होता, अंगण होतं. इथे तेही नाही, आणि तरी सांगण्यात तोच जिवंतपणा आहे. कित्येक पानांवर हसू येतं आणि पुढच्याच ओळीला ते घशात अडकतं.

ही दोन पुस्तकं एका वाचकाच्या हातात लागोपाठ पडावीत, असं कपाटांच्या रचनेनं कधी घडलं नसतं. ते घडलं कारण दोन्ही पुस्तकं आणि माझं बोलणं, तिन्ही एका माणसाच्या डोक्यात एकत्र आलं.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक शियाली रामामृत रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. दुसरा नियम, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. तिसरा, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. मला दुसरा ऐकून माहीत होता. तिसरा ताईंनी सांगितला आणि म्हणाल्या की त्यांना तोच जास्त छळतो. पुस्तकाच्या आत चिकटवलेल्या तारखांच्या पट्टीवर वर्षानुवर्षं एकही शिक्का नसेल तर त्यांना चैन पडत नाही. ‘जिणं आमुचं’च्या पट्टीवर फार थोड्या तारखा होत्या.

इतर वाटाही आहेत. काउंटरजवळच्या टेबलावर नुकती परत आलेली, अजून जागेवर न गेलेली पुस्तकं असतात. पेठेत सध्या काय वाचलं जातंय ते तिथे दिसतं आणि मी आधी तिथेच डोकावते. दिवाळी अंकांच्या वेगळ्या वर्गणीत मला नवे लेखक सापडले. एखादा लेख आवडला की त्या लेखकाचं पुस्तक मागायचं. मागणीच्या वहीत नाव लिहून ठेवलं तर पुढच्या खरेदीत त्याचा विचार होतो. आणि एकदा आम्ही मैत्रिणी महाबळेश्वरच्या वाटेवर भिलारला गेलो. 2017 पासून ते पुस्तकांचं गाव आहे. घराघरांत, देवळात, शाळेत वेगवेगळ्या प्रकारची पुस्तकं मांडली आहेत, कुणीही बसून वाचावीत. तिथे मी पुस्तकं चाळून नावं टिपून आणली आणि वाचनालयात मागितली. चाळायला भिलार उत्तम. पण तिथे तुम्ही मागच्या वेळी काय अर्ध्यात सोडलं होतं ते कुणाला माहीत नसतं.

एक गोष्ट मात्र मला मनापासून खुपते. आपला सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा 1967 चा. त्यानुसार गावोगावच्या संस्थांच्या वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणे अनुदान मिळतं. त्याच अनुदानात पुस्तकंही घ्यायची आणि पगारही द्यायचे. लहान वाचनालयात काम करणाऱ्यांच्या हातात जे पडतं त्यात घर चालत नाही. ताईंसारखी माणसं सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा येतात, नोंदी ठेवतात, झाडलोटही पाहतात आणि वर प्रत्येक सभासदाची आवड लक्षात ठेवतात. हे शेवटचं काम कुठल्याच तपासणीच्या तक्त्यात दिसत नाही. ते दिसायला हवं आणि त्याचे पैसेही मिळायला हवेत, असं माझं स्पष्ट मत आहे. मी वार्षिक सभेत हे बोलले आणि पुढेही बोलणार आहे.

आता पुस्तक परत करताना मी दोन वाक्यं तरी सांगते: कशानं धरून ठेवलं, कुठे कंटाळा आला. वरच्या मजल्यावर अभ्यासिका आहे, तिथे स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुलं बसतात. त्यातली एक मुलगी परवा खाली येऊन म्हणाली, “मॅडम, अभ्यासाचं सोडून काहीतरी द्या, पण जड नको.” ताईंनी तिलाही विचारलं, शेवटचं आवडलेलं कोणतं? तिला आठवेना. शाळेतला कुठला धडा आवडायचा, असं विचारल्यावर ती लगेच म्हणाली, तो एका बाईंचा होता, त्यात खूप हसायला यायचं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. ‘स्मृतिचित्रे’ त्या दिवशी जागेवर होतं. मुलगी ते घेऊन गेली आणि मी रजिस्टरवर माझी सही करून शांताबाई कांबळे यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ घेतलं.